रोमेओने लावलेली धार

रोज सकाळी, कॉफीच्याही आधी, रोमेओ पेल्की आइस हॉकीच्या रिकाम्या रिंकवर उकिडवा बसून बर्फावर तळहात टेकवायचा. ही सवय त्याला साठीत लागली. त्याआधी गरजच पडली नव्हती. उत्तरेतल्या पेनॉकमध्ये बर्फ दगडासारखा असे, आणि त्यावर पकड यायला स्केटच्या पात्यांना खोल खाच लागे. तीस वर्षं त्याने हॉकी संघाच्या पात्यांना तशीच धार लावली.

मग मालकाने तो छोटा संघ उचलून दक्षिणेच्या उबदार अलाबामात, हार्लनला नेला. तिथल्या पहिल्या सामन्याला सहा हजार माणसं आली. त्यातल्या निम्म्यांनी बर्फ पाहिलेला तो गोड, गार चहाच्या पेल्यातच. वरच्या लीगचा एक माणूसही आला होता, खास संघातल्या तरुण टकर वोझनियाकचा खेळ पाहायला. रोमेओ सकाळपासून नव्या जर्सी टांगण्यात गुंतलेला. बर्फाकडे तो फिरकलाच नव्हता.

सामन्याआधीच्या सरावातून टकर खेळाडूंच्या खोलीत परत आला. "म्हाताऱ्या, पाय रुततोय. बर्फ मऊ आहे. खाच जरा उथळ कर ना."

"तुझ्या जन्माआधीपासून धार लावतोय मी. पाय रुतत नाही, गुडघे लटपटतायत तुझे. वरचा साहेब बघून."

सगळी खोली हसली. टकरही हसला आणि नाड्या आवळून गेला.

दुसऱ्या सत्रात वळताना त्याचं पातं बर्फात अडकलं. अंग वळलं, गुडघा तिथेच राहिला. गर्दीला तो खेळाचाच भाग वाटला. ती टाळ्या वाजवत राहिली.

सामना संपताच रोमेओने सगळ्यांची पाती पुन्हा घासली, उथळ.

टकर पुन्हा खेळला नाही. हार्लनमध्येच टायरच्या दुकानात लागला, आणि दर रविवारी रोमेओकडे जेवायला येऊ लागला.

"एकदा माफी मागून टाक ना," रोमेओची बायको लोरेन म्हणायची.

"त्याला माहीत आहे सगळं."

"माहीत असणं वेगळं, तुझ्या तोंडून ऐकणं वेगळं."

रोमेओ बशा पुसत राहायचा.

असे अकरा वर्षांचे रविवार गेले. शेवटच्या रविवारी, मरणाच्या दोन दिवस आधी, रोमेओ टकरला गाडीपर्यंत सोडायला गेला. खिडकीशी वाकून बराच वेळ उभा राहिला. दारातून पाहणाऱ्या लोरेनला वाटलं, आज बोलणार.

"चर्चपाशी पोलीस उभा असतो," तो म्हणाला. "सावकाश जा."