लंकाबाईंचा अर्क

लंकाबाई मखमलाबादच्या. मळ्यातली फुलं बाजारात नेऊन विकायच्या. १९९८ साली नाशिकच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागल्या. पाच वर्षांनी तिथल्या प्राध्यापक डॉ. पिंगळ्यांनी त्यांना कांद्याची कोवळी मुळं वाटायला बसवलं.

काम हर्षालीचं होतं. नांदगावची ही मुलगी पिंगळ्यांकडे पीएच.डी. करत होती. कांद्यातल्या एका जनुकाला कोणतं प्रथिन चालू-बंद करतं, हे तिला शोधायचं होतं. मुळांच्या पेशींतून प्रथिनांचा अर्क काढायचा, त्या जनुकाच्या, रंग लावलेल्या डीएनएच्या तुकड्यात मिसळायचा आणि जेलच्या पातळ थरात घालून वीज सोडायची. प्रथिन चिकटलं की तुकडा मागे रेंगाळतो आणि वर वेगळी पट्टी उमटते.

लंकाबाईंनी काढलेल्या अर्कानं पट्टी दर वेळी यायची. हर्षालीच्या अर्कानं एकदाही नाही.

"मावशीच त्यात काहीतरी घालत असतील, सर," हर्षाली म्हणाली.

पिंगळ्यांनी सगळ्या विद्यार्थ्यांना गोळा केलं. लंकाबाईंचे हात स्पिरिटनं धुतले. पदर झटकायला लावला.

"बांगड्या उतरवा."

"नवरा जिता हाय माझा, साहेब."

"उतरवा म्हणतो ना!"

साबण लावून उतरवताना दोन फुटल्या, मनगटाला रक्त आलं. वर हातमोजे चढवून त्यांनी सगळ्यांसमोर अर्क काढला. पट्टी आली. बिनरंगाचा तोच तुकडा भरपूर घातल्यावर प्रथिन त्याला चिकटलं आणि पट्टी गेली. म्हणजे चिकटणं खरं होतं, लबाडी नव्हती.

"छान. हर्षाली, फोटो काढून ठेव," एवढंच पिंगळे बोलले. दुसऱ्या दिवसापासून लंकाबाईंना फरशा पुसायला लावलं; अर्क पुन्हा हर्षाली काढू लागली.

मग पट्टी येणंच बंद झालं. दोन महिन्यांनी पिंगळ्यांनी त्यांना बोलावलं. "हिला शिकवा."

लंकाबाईंनी सगळं दाखवलं. वाटायचं कसं, गाळायचं कसं. हर्षालीनं अर्काची नळी बर्फातून काढून टेबलावर ठेवली आणि वहीत लिहीत बसली. उबेत प्रथिनं मरतात, हे लंकाबाई पिंगळ्यांच्याच तोंडून ऐकून होत्या. बोटं बधिर होईपर्यंत त्या स्वतः बर्फातच काम करायच्या.

"बरोबर आहे ना, मावशी?"

"बरोबर हाय, बाळा."

पुढचं वर्षभर हर्षाली तसंच करत राहिली. पिंगळे सगळ्यांदेखत तिला 'ढ' म्हणायचे, जेलचे कोरे फोटो भिंतीवर चिकटवायचे. ती खंगत गेली. २००५च्या मार्चमध्ये तिनं नाव काढून घेतलं. घरच्यांनी लग्न ठरवलंच होतं.

जायच्या दिवशी ती जिन्यात भेटली. "मावशी, काय चुकत होतं हो माझं?"

"नळी बर्फाभाईर ठिवायचीस. रोज."

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हतं."

हर्षाली पायरीवर बसली. लंकाबाईंनी बादली खाली ठेवली, फडकं पिळलं.

"पाय उचल," त्या म्हणाल्या. "पुसायचंय मला."