धागे सरळ की गोल?

किस्से जमतात ते आमच्या गाळ्यातल्या कातरणासारखे. रोज थोडं कोपऱ्यात पडतं, उपयोग नसतो, टाकवतही नाही, आणि एक दिवस बघावं तर ढीग झालेला. हळदीकुंकवाला बायका विचारतात, "तुमची रुचा गाडीच्या मागे काय लावते म्हणालात?" मी एक किस्सा सांगते, त्या दुसरा मागतात. त्यांना हसू येतं. माझ्या हाताला मात्र सांगताना अजून घाम सुटतो.

रुचा माझी मुलगी, इंजिनिअर. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिचा छोटा गाळा आहे. स्पोर्ट्स कारच्या मागे, पोटाखालून, ती डिफ्यूझर बसवते, म्हणजे हवेला वाट देणारी, उभ्या पात्यांची तिरकी फळी. मी बारावीपर्यंत शिकले, पूर्वी घरी ब्लाउज शिवायचे. आता तिच्यासाठी कार्बनचं कापड बेतून कापते. फायबरचं काम मढचे हिराकाका करतात. त्यांचा जन्म होड्या बांधण्यात गेला.

* * *

ज्या गाडीचे हे किस्से, ती घाटकोपरच्या मेहुलभाईंची. लाल, दोनच सीटची. तिला आधी कुठूनतरी मागवलेला शोभेचा डिफ्यूझर होता, नुसता बंपरला स्क्रूने अडकवलेला. हायवेवर तो वेगात सुटला आणि मागे उडाला.

मेहुलभाई सांगताना खुर्चीवर टेकलेसुद्धा नाहीत. "वहिनी, आरशात बघतो तर तुकडा हवेत, आणि त्याच्या खाली रिक्षा. मी डोळेच मिटले."

"गाडी चालवताना?"

"मग काय करू, बघवेना ना."

सुदैवाने रिक्षाला काही झालं नाही. पुढच्या सिग्नलला रिक्षावाला तो तुकडा घेऊन आला, फडक्याने पुसून खिडकीतून आत दिला आणि म्हणाला, "सेठ, आपकी पूंछ."

त्या दिवसापासून मेहुलभाई त्या गाडीत बसले की बैलगाडीच्या वेगाने जायचे. रुचाला म्हणाले, "असा बनव की निघणार नाही. आणि कामाचा बनव, शोभेचा नको."

* * *

कामाचा म्हणजे काय, हे मी तिला विचारलं. तिने जेवणाचा डबा उचलून धरला आणि त्याच्या खालून हात फिरवला. गाडीखालून हवा जोरात पळते. मागे जागा हळूहळू वर उघडत गेली की ती हवा पसरत बाहेर पडते, आणि गाडी खाली ओढली जाऊन रस्त्याला चिकटते. उतार जास्त झाला तर हवा त्याला धरून राहत नाही, सोडून देते.

"आणि सोडलं तर?"

"तर गाडी मागून हलकी होते."

"हलकी म्हणजे?"

रुचाने डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "आई, तू कापड काप."

* * *

पहिला नग हिराकाकांनी सुरेख केला. पाण्यासारखा गुळगुळीत. गाडीला लावला, इंजिन चालू केलं, आणि काही वेळाने जळका वास सुटला. मग धूर. मी पाण्याची बादली घेऊन धावले, काकांनी वाळूची पाटी उचलली. मेहुलभाई गाळ्याच्या बाहेर जाऊन उभे राहिले आणि तिथून आम्हाला धीर देऊ लागले.

रुचाने इंजिन बंद करून खाली वाकून पाहिलं. सायलेन्सरची गरमी बाहेर पडावी म्हणून तिने साच्यात खाचा ठेवल्या होत्या. काकांनी त्या सगळ्या फायबरने बुजवल्या होत्या.

"काका, ही भोकं मी मुद्दाम ठेवली होती."

"भोक दिसला का बुजवायचा गो," काका म्हणाले. "एक राहिला तरी मानूस बुडतो."

दुसऱ्या नगाला तिने खाचा पाडायला सांगितल्या, तेव्हा काका ड्रिल हातात घेऊन बराच वेळ नुसते उभे होते. शेवटी तोंड फिरवून म्हणाले, "तूच पाड. माझ्याच्यान नाय व्हायचा."

* * *

डिफ्यूझर बंपरला नाही, लोखंडी पट्ट्यांनी थेट गाडीच्या सांगाड्याला बसवायचा होता. हवा त्याला खाली ओढणार, तेव्हा भार सोसतो का ते आधी बघायला हवं. रुचाने तो त्याच पट्ट्यांनी एका लोखंडी घोडीवर आडवा बसवला आणि माझ्याकडे बघितलं.

गाळ्यात सगळ्यात जास्त वजन माझं. हिराकाका म्हणजे सुकवलेला बोंबील.

"आई, उभी राहा त्याच्यावर."

राहिले. काकांचा खांदा घट्ट धरून.

"आता उडी मार."

"अगं, तुझ्या बाबांनीसुद्धा मला कधी उडी मारायला सांगितली नाही."

"मार ना. तुझ्याने नाही मोडला तर मला भीती नाही."

हे ऐकून मी मारली. काडकन आवाज झाला. रुचाचा चेहरा पांढरा पडला, काकांनी डोळे मिटले, मी जागच्या जागी थिजले. रुचाने पट्ट्या तपासल्या, बोल्ट तपासले, खालून बॅटरी मारून बघितलं. कुठे केसाएवढीही चीर नव्हती.

माझी चप्पल तुटली होती.

* * *

मग रुचाने जाहीर केलं की ट्रॅकवर पहिल्यांदा गाडी तीच चालवणार. "मी लावलंय, मीच बसणार." मेहुलभाईंनी चावी इतक्या झटकन दिली की मला त्यांचा रागच आला.

चाचणीसाठी तिने माझ्याकडे लोकर मागितली. स्वेटरची उरलेली लाल लोकर होती. तिचे बोटभर धागे कापून आम्ही डिफ्यूझरला ओळीने चिकटवले. गाडी पळताना धागे सरळ मागे राहिले तर हवा धरून आहे. गोल फिरायला लागले तर हवेने सोडलं.

शहराबाहेरच्या ट्रॅकवर रुचा लाल गाडीत एकटी. मागच्या गाडीत मेहुलभाई स्टिअरिंगवर, शेजारी मी कॅमेरा धरून, हिराकाका ट्रॅकच्या कडेला उभे. मधे फोन चालू. पहिली फेरी बेताच्या वेगाने होती.

"आई, सरळ की गोल?"

सगळे सरळ होते. फक्त मधला एक भिंगरीसारखा फिरत होता.

"एक गोल," मी म्हटलं, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने वेग कमी केला. गाडी बाजूला घेऊन उभीच केली.

वाकून पाहिलं तर मधल्या पात्याला लिंबू-मिरची बांधलेली. पुढून येणारी हवा तिथेच अडत होती. आम्ही सगळ्यांनी हिराकाकांकडे पाहिलं.

"होडीला बांधतो नाय का," काका पुटपुटले.

रुचा रागावली नाही. तिने लिंबू-मिरची सोडली आणि माझ्या हातात दिली. "ही तू धर. तुला जास्त गरज आहे."

* * *

दुसरी फेरी पूर्ण वेगाची. मांडीवर लिंबू-मिरची, हातात कॅमेरा. मेहुलभाई स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक देवाचं नाव. लांब सरळ पट्टा लागला, तशी लाल गाडी हळूहळू खाली बसल्यासारखी दिसू लागली.

"आई, धागे?"

मला दिसत होते. एकूण एक धागा विंचरलेल्या केसांसारखा.

"आई, बोल. अजून वाढवू का? सरळ की गोल?"

एक शब्द. मी नुसतं 'गोल' म्हटलं असतं तर ती थांबली असती. घरी आली असती. माझ्यावर तिने एवढासुद्धा संशय घेतला नसता. तो शब्द माझ्या तोंडात आलेला होता. मेहुलभाई माझ्याकडे बघत होते.

"आई?"

"सरळ," मी म्हटलं. "सगळे सरळ आहेत."

लाल गाडी पुढे गेली. आधी धागे दिसेनासे झाले, मग वळणावर गाडीच दिसेनाशी झाली. फोनवर नुसता इंजिनचा आवाज, आणि मग तोही तुटला.

"वहिनी," मेहुलभाई हळूच म्हणाले, "कॅमेरा बंद करा. समोर काही नाही."

"राहू द्या," मी म्हटलं, आणि मोकळ्या रस्त्यावर कॅमेरा तसाच रोखून धरला. किती वेळ ते माहीत नाही.

तेवढ्यात फोन परत वाजला.

"आई, पुढे काय बघतेस? मी फेरी मारून तुमच्या मागे आले. मेहुलभाईंना सांग, बाजूला व्हा."