तात्यांचं माळवद

शेजारी फुकट मदतीला आला की बेलीफतात्या धास्तावायचे. गोणीला कोणी हात लावला तर म्हणायचे, "अहो, ठेवा ती खाली. कंबर तुमची लचकायची आणि नाव माझं कोर्टात जायचं." नगरच्या कोर्टात हयातभर समन्स बजावून ते पारनेरला आमच्या शेजारी एकटेच राहायला आले होते.

स्वस्थ बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. ओट्यावरून अंगणात, अंगणातून आमच्या दारात. कोणी दिसला की सुरू, "आमच्याकडे एक केस आली होती..." कुणा एकानं म्हणे शेजाऱ्याला विहिरीतला पोहरा काढायला उतरवलं, तो पडला आणि दोन्ही घरं वकिलांनी धुऊन खाल्ली. लोक हसायचे. "तात्या, आमी काय दावं लावनारी मानसं हाय का?"

"तुम्ही नाही हो. तुमचे मेहुणे लावतात," तात्या म्हणायचे. आणि यात खोटं काही नव्हतं.

आमच्या आळीत पावसाआधी सगळे मिळून एकेकाच्या माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर, पांढरी माती टाकायचे. मजुरी नाही, संध्याकाळी पिठलं-भाकरी. त्या साली तात्यांचं माळवद पार गळायला आलं होतं, एकट्याच्यानं होणारं नव्हतं. तेव्हा शिडीपाशी उभं राहून त्यांनी प्रत्येकाला बजावलं, "चारचौघांत म्हणा. तात्यांनी बोलावलं नाही, मी आपल्या मर्जीनं चढतोय." माणसं टिंगल करत म्हणाली आणि चढली. सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले माझे वडील. दुपारी कडेवरून पाय घसरून खाली आले तेही तेच.

बाबा शिंपी. हाडवैद्यानं बांधलेला उजवा पाय वाकडाच जुळला, मशीन चालवायचा पायच गेला. कंट्रोलचे दिवस, शिवायला कापड आधीच कमी. जे यायचं ते आई शिवायची.

कायद्यानं तात्या सुटले होते, आणि तेच त्यांना सोसेना. रोज सकाळी आमच्या दारात पाण्याची घागर घेऊन हजर. बाबा चिडवायचे, "तात्या, चारचौघांत म्हना, आपल्या मर्जीनं पानी आनलं." तात्या घागर ठेवून दारातच घुटमळायचे. "सदू, शिडीपाशी म्हणालास ते शब्द मागे घे. आदल्या दिवशी मीच तुझ्या दारात येऊन विचारलं होतं, येशील ना म्हणून."

"म्हंजी तुमी मला पाडलं असं सांगत फिरू? जाऊ द्या की."

बाबांना वाटे आपण मोठ्या मनानं वागतोय. मला मात्र राग यायचा. म्हातारा डोळ्यांदेखत झिजत चाललाय, एक वाक्य म्हणून टाकायला काय जातं? पण बाबांचा हट्ट म्हणजे हट्ट.

पौषात तात्यांनी अंथरूण धरलं, ते शेवटचंच. बाबा काठी टेकत गेले, मी मागे. आळीतली चार माणसं बसली होती. बाबा खाली बसले आणि म्हणाले, "मंडळी, ऐका. तात्या मला बोलवायला आले हुते. त्यांनी बोलावलं म्हून मी चढलो."

तात्यांनी डोळे उघडले. "आता दावा लागू होतो, सदू."

"व्हय. लागू हुतो."

तात्यांनी हात सरकवत बाबांच्या वाकड्या पायावर ठेवला. इतक्या महिन्यांत त्या पायाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.