रचनाकाराचा रकाना

माझ्या प्रबंधाचा विषय होता शिरूर-दौंडकडच्या सनईवादकांच्या गती. गत म्हणजे वाद्यासाठी बांधलेली पक्की रचना, एवढं मला पुस्तकांतून कळलं होतं. पुस्तकं इंग्रजी होती, त्यामुळे सगळंच कळल्यासारखं वाटायचं. मार्गदर्शक सरांनी एक तक्ता दिला होता: राग, ताल, रचनाकार. "एकही रकाना रिकामा दिसला तर सही करणार नाही," ते म्हणाले. त्यांनी त्या भागात कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्यामुळे त्यांची मतं अगदी ठाम होती.

वडगाव रासाईचे एक आबा लग्नांत सनई वाजवायचे. मी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या ओसरीवर बसायचे आणि कॅसेटकडेच बघत प्रश्न विचारायचे. त्यांनी अकरा गती वाजवल्या. "ही कोणी बांधली, आबा?" असं विचारलं की ते कानाच्या पाळीला हात लावायचे.

"आमच्या वस्तादांची."

अकराच्या अकरा. मी वस्तादांना थोर ठरवलं आणि त्यांच्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. प्रतिभा, परंपरा असले शब्द त्यात सढळ हातानं घातले होते.

वस्ताद हयात नव्हते. त्यांची माहिती घ्यायला मी दौंडला त्यांच्या दुसऱ्या शिष्याकडे गेले, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका मामांकडे. कॅसेट ऐकून मामा पोट धरून हसले.

"मॅडम, वस्तादांनी दोन गती बांधल्या. दोन! बाकीच्या ह्या म्हाताऱ्याच्या. माझ्यासमोर बांधल्यात."

"मग ते खोटं का सांगतात?"

"खोटं कशाचं? आमच्यात आपलं नाव घालत न्हाईत, वस्तादाचंच घालायचं. एवढं शिकलात, आन् हे न्हाई विचारलं व्हय?"

नव्हतं विचारलं. प्रश्नावलीत तो प्रश्नच नव्हता.

मी नऊ रकान्यांत आबांचं नाव लिहिलं आणि मोठा न्याय केल्याच्या थाटात त्यांना तक्ता वाचून दाखवला. आबा उठून उभे राहिले.

"खोडा ते."

"पण आबा, खरं तेच लिहायला हवं ना?"

"खरं तुमच्या कालेजात. हितं लोक म्हणतील, वस्ताद गेले आन् ह्यानं त्यांचं नाव पुसलं. कुठल्या तोंडानं सनई धरू मी? खोडा, न्हाईतर कॅसेट द्या माघारी."

कॅसेट गेली असती तर पदवीही गेली असती. सत्यावरची माझी निष्ठा तेवढ्यात आटोपली. मी पर्समधून व्हाइटनर काढलं. ते वाळेपर्यंत आबा माझ्या शेजारी बसून राहिले आणि नऊही ठिकाणी वस्तादांचं नाव लिहून झाल्यावरच चहा सांगायला आत गेले.

सर बेहद्द खूश झाले. "एकाच रचनाकाराच्या अकरा गती! याला म्हणतात शोध," असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे सही केली.

प्रबंध विभागाच्या कपाटात आहे. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत फक्त माझं नाव आहे. ते मी आबांना दाखवायला नेलं नाही.