यजमानांचा जुना शर्ट

दक्षिणेतल्या आवडी नावाच्या गावी, आमच्या क्वार्टर्समध्ये ती रोज संध्याकाळी इडलीचं पीठ विकायला यायची. जन्म पुरुषाचा, पण मनाने बाईच; साडी, गजरा, लांब वेणी. मूळची तंजावरच्या मराठी घरातली, म्हणून माझ्याशी जुन्या वळणाचं मराठी बोलायची. कुणी हसायच्या आत ती स्वतःच मोठ्याने हसून घ्यायची.

एकदा खोकत खोकत दारात आली आणि आमच्या यजमानांचा जुना शर्ट मागू लागली.

"कशाला गं?"

"साडीत गेले की डॉक्टर लांबूनच गोळ्या देतात, वहिनी. छातीला नळी लावत नाहीत. बायकांच्या रांगेतून हाकलतात, पुरुषांच्या रांगेत चिमटे काढतात."

मी शर्ट दिला. दुसऱ्या दिवशी वेणी कापून, कुंकू पुसून ती सरकारी इस्पितळात गेली. पुरुषाचं नाव सांगताच तिला नीट तपासलं, छातीचा फोटो काढला. क्षय निघाला. औषधं सुरू झाली.

काही महिन्यांनी ती पुन्हा साडी नेसून, पिठाची बादली घेऊन आली. केस जेमतेम मानेपर्यंत वाढले होते.

"बरी झालीस ना गं?" मी आनंदाने विचारलं.

"तो बरा झाला, वहिनी," पीठ मापता मापता ती म्हणाली. "मला अजून कुणी तपासलेलं नाही."