गंगीचा डावा कान

म्हादूतात्यानं मला तीन उन्हाळे फसवलं, आणि त्यात माझा बाप त्याचा भागीदार होता. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी तात्याबद्दल काही चांगलं लिहिलं, तर मी ते विसरलो असा अर्थ कुणी काढायला नको.

तात्या घोंगड्या विणायचा. बारामतीहून इंदापूरला जाताना लासुर्णे मागं टाकलं की रस्त्याला लागूनच त्याची पत्र्याची पडवी होती. पडवीत खड्डा, खड्ड्यावर माग. तात्या कमरेपर्यंत खड्ड्यात बसायचा. पाय खाली मातीच्या गारव्यात, डोकं वर तापलेल्या पत्र्याखाली. लोकर घेऊन आलेला माणूस दारात उभा राहिला की तात्या त्याच्या तोंडाकडं बघायचा नाही. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "ही उसाच्या पट्ट्यातली. वाडं खाऊन खाऊन तेलकट झालीया." नाहीतर, "ही माळाची. कुसळं काढता काढता माझी म्हातारी मला शिव्या घालणार हाय."

मला ही सगळी हातचलाखी वाटायची. माणसाचा आवाज ऐकून गाव ओळखत असेल, असा माझा संशय. म्हणून एकदा लोणी भापकरच्या एका ओळखीच्या मेंढपाळाचं पोतं मीच त्याच्याकडं पोचवायला घेतलं आणि वाटेत त्यावर दुसऱ्या कळपाची चार मुठी लोकर टाकली. तात्यानं हात घातला, थांबला आणि म्हणाला, "खालची एका कळपाची हाय, वरची दुसऱ्या. खालच्याची लोणीकडची चराई. वरची कुणी टाकली? तू?"

मी पोत्याची दोरी गुंडाळायला लागलो.

"तोंडाला कशाला ईचारतूस सायेब," तो म्हणाला, "हाताला ईचार."

सायेब म्हणजे मी. बारामतीत मोटारपंपाच्या दुकानात कामाला होतो, वय बावीस. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. उन्हाळा लागला की विहिरी तळाला जायच्या, वीज यायची-जायची आणि मोटारी जळायच्या. मग मालक मला जुन्या मोपेडवर बसवून इंदापूरपर्यंत पाठवायचे. कुणाला वॉशर, कुणाला फूटव्हॉल्व्ह, कुणाला नवीन मोटारच. दुपारी एकच्या सुमाराला डांबर टायरला चिकटायला लागायचं. डोक्याला बांधलेला ओला टॉवेल काटेवाडी सोडायच्या आत वाळून जायचा. अशा वेळी तात्याच्या पडवीत दोन तास काढायचे हा माझा नेम होता. चुलीवर चिंचोक्याची खळ रटरटत असायची. ती घोंगडीला लावून उन्हात वाळवली की घोंगडी ताठ होते. त्या खळीचा आंबूस वास, मागाचा ठेका आणि अंगणातल्या लिंबाखाली चरखा फिरवणारी तात्याची बायको, यमुनाकाकू. अजूनही कुठं चिंचोके भाजल्याचा वास आला की मला झोप यायला लागते.

पण झोपेतही माझा एक डोळा उघडा असायचा. मी कुणाच्या जिवावर वर आलो नाही. चौदाव्या वर्षी घर सोडलं, पडेल ते काम करत गेलो आणि बारामतीत नोकरी लागल्यावरच परत घरी राहायला आलो. या धंद्यात मी एक शिकलो. समोरचा गोड बोलायला लागला की त्याचा माल आधी तपासायचा. तात्याच्या माठाचं पाणी पितानासुद्धा मी म्हणायचो, "आज गार नाही फारसं." तात्या खड्ड्यातून ओरडायचा, "अगं ये, सायबानं पाण्याचा भाव पाडला बग! दे त्याला आणखी एक तांब्या, फुकटात!"

आता मेंढ्यांचं सांगतो.

आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या बापाचा, कळप होता, साठ मेंढ्यांचा. पण आमच्याकडं कालव्यानं ऊस वाढला आणि चराईला बांधसुद्धा उरले नाहीत. पूर्वी ज्या शेतकऱ्यांनी खतासाठी हातापाया पडून रानात मेंढ्या बसवून घेतल्या, तेच लोक आता काठी घेऊन हाकलायला धावायचे. आबांचे गुडघे गेले होते. मी म्हणालो, विकून टाका. दोन दिवस आबा जेवले, झोपले, पण बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुझ्या मनासारखं कर."

सौदा मी केला. बाजारात टॉवेलखाली व्यापाऱ्याची बोटं धरून भाव ठरवायचा असतो. बघणाऱ्याला फक्त टॉवेल हललेला दिसतो. त्या व्यापाऱ्याला मी इतका घाम फोडला, की शेवटी तो म्हणाला, "सोड बाबा बोटं, मोडतील." मला त्या दिवसाचा फार अभिमान वाटत होता. आबा बाजाराला आले नाहीत. ताप आहे म्हणाले.

पण आदल्या दिवशी कळपातली एक मेंढी कमी निघाली होती. गंगी. कळपाच्या पुढं चालणारी, आता म्हातारी झालेली.

"लांडग्यानं नेली," आबा म्हणाले.

"कुत्रं भुंकलं?"

"न्हाय."

"रक्त कुठं दिसलं?"

"न्हाय दिसलं."

"मग लांडगाच कशावरून?"

आबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच लांडगा आहे. "तूच सांग मग, कोण हुतं ते."

व्यापाऱ्याच्या माणसानं रात्रीत उचलली असणार, असं मी ठरवून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी भाव करताना तो रागही वसूल केला.

त्याच उन्हाळ्यात तात्याच्या अंगणात, लिंबाखाली, एक काळी मेंढी बांधलेली दिसली. डाव्या कानाला हळद-तेल लावून फडकं बांधलेलं.

"ही कुणाची?"

"पाव्हण्याची हाय."

"कानाला काय झालं?"

"जखम हाय. हात लावू नगंस, किडं पडल्यात."

मेंढपाळाच्या पोराला हे सांगायला नको, पण वाचणाऱ्याला सांगतो. मेंढीच्या कानाला प्रत्येक घराची आपली खाच असते. कुठं, किती, कशी, त्यावरून मेंढी कुणाची ते कळतं. कान झाकला म्हणजे मालक झाकला. तात्या चोरीचा माल ठेवतो, हे माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं झालं. दुसऱ्या उन्हाळ्यात गेलो, तर मेंढी तिथंच आणि जखमही तशीच. वर्षभर न भरणारी जखम मी आजवर पाहिली नव्हती. तसं मी बोलूनही दाखवलं.

"काही जखमा भरत न्हाईत," तात्या म्हणाला आणि मागाची पावडी दाबली.

त्याच उन्हाळ्यात आमच्या मालकांच्या घरी जेवणावळ निघाली. मटणाचं माझ्याकडं लागलं. मी विचार केला, चोरीचा माल आहे, स्वस्तात सुटेल. सरळ तात्याशी सौद्याला बसलो. म्हातारी आहे, हाडंच जास्त निघतील, कान किडलेला आहे, असं म्हणून एक एक करून भाव पाडत गेलो. यमुनाकाकूंनी चरखा थांबवला, पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. मला वाटलं, सौद्यात बायका नकोत म्हणून गेल्या.

"सायेब," तात्या म्हणाला, "हिचा भाव तुला झेपायचा न्हाय."

"आकडा तर सांगा."

"न्हाय म्हनलं न्हवं?"

नाही हा शब्द मला धंद्यात सहन होत नाही. मी तसाच उठलो, मोपेडला लाथ मारली आणि निघालो. तेवढ्या उन्हात.

इकडं घरी आबांचं वेगळंच चाललं होतं. दर पंधरा दिवसांनी ते धुतलेला सदरा घालून एसटीनं इंदापूरला जायचे. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला. पण ना चष्मा आला, ना थेंबांची बाटली. संध्याकाळी परत यायचे ते हसत यायचे. धोतराला काळे केस चिकटलेले असायचे. कुणी बुवा त्यांना नादी लावतोय, असं मला वाटायचं. तिसऱ्या उन्हाळ्यात ओळखीचा कंडक्टर बोलता बोलता म्हणाला, "तुमचे आबा इंदापूरपर्यंत येतच नाहीत हो. लासुर्ण्याच्या पुढं घोंगडीवाल्याच्या इथं उतरतात."

झालं. सगळा हिशेब माझ्या डोक्यात जुळला. आमची पाच एकर कालव्याखाली आलेली. आबांना सही करता येत नव्हती, अंगठा पुरे होता. मी तडक तात्याच्या पडवीत गेलो. तो खड्ड्यात, मी वर उभा.

"आमच्या आबांना इथं कशाला बोलावता? जमीन लिहून घ्यायची आहे?"

तात्यानं हातातला मागाचा धोटा खाली ठेवला. "तुज्या आबाची जमीन घिऊन मी काय करू? मला ह्यो खड्डा हाय की."

"मग काय करतात ते इथं?"

"बसत्यात."

"कशाला?"

"तुला कळायचं आसंल तर हितंच कळंल," तात्या म्हणाला. "मी न्हाय सांगनार."

मेंढी माझ्या आणि त्याच्यामध्ये उभी होती. आज लिहिताना मला लख्ख दिसतं, त्या दिवशी तिच्या कानाला फडकं नव्हतं. ते धुऊन लिंबाच्या फांदीवर वाळत टाकलेलं होतं. काकू म्हणाल्या, "शिवा, चिडू नगं. जरा बग तरी नीट."

"बघितलंय सगळं," मी म्हणालो. घरी येऊन आबांना सांगितलं, उद्यापासून एसटी बंद. कंडक्टरलाही बजावलं, बसवलंस तर माझ्याशी गाठ आहे.

आबांनी वाद घातला नाही. धुतलेला सदरा खुंटीला तसाच राहिला. पावसाळा संपता संपता ते गेले.

दहाव्याला कऱ्हेच्या काठी तात्या आला. काखेत एक लहानशी काळी घोंगडी. मी तोंड फिरवलं. त्यानं ती माझ्यासमोर ठेवली.

"तुज्या आबाची हाय. त्येच्याच मेंढीच्या लोकरीची."

"आमच्या मेंढ्या तीन वर्षांपूर्वी विकल्या."

"एक सोडून," तात्या म्हणाला आणि खिशातून ते हळदीचं फडकं काढून घोंगडीवर ठेवलं.

विधी उरकून त्याच दुपारी मी त्याच्याबरोबर गेलो. मेंढी लिंबाखाली बसलेली होती. मी डावा कान हातात धरला. मागच्या कडेला दोन खाचा. पहिली सरळ, दुसरी तिरकी. ती दुसरी मी कापलेली. घर सोडायच्या आधीच्या उन्हाळ्यात, आबांनी माझा हात धरला होता, तरी मी घाबरून कात्री फिरवली आणि खाच वाकडी गेली. आबा तेव्हा म्हणाले होते, "आसू दे. आता ही तुझी वळख."

जखम वगैरे काही नव्हती. कधीच नव्हती.

तात्या खड्ड्यात उतरला नाही, कडेला बसला. "पैल्या वर्साला भ्या वाटलं आमाला. वळखून इकशील म्हनून फडकं बांधलं. दुसऱ्या वर्सापास्नं तुझा आबाच म्हनाय लागला, काडा फडकं, बघू. पोर माजं हाय, वळखंल. तू यायच्या येळंला दोनदा काडलं. दुसऱ्या बारीला तू भांडून गेलास. पैल्या बारीला पाणी गार न्हाय म्हनून गेलास."

मी विचारलं, "मग तुम्ही का नाही सांगितलं?"

तात्या हसला नाही. "लोकर मी हातानं वळखतो. मानसं वळखायचं काम माजं न्हाय."

तीन उन्हाळे एका मेंढीची कातरलेली लोकर म्हणजे किती, तेवढीच ती घोंगडी. पांघरायला पुरत नाही, खांद्यावर येते. गंगी त्या हिवाळ्यात गेली. तात्या त्यानंतर चार वर्षांनी. खड्डा मुलानं बुजवला आणि तिथं आता पंक्चरचं दुकान आहे. मी आता मोटारपंपाचं माझं स्वतःचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक मला कंजूष म्हणतं, माल मात्र माझ्याकडंच घेतं. तात्यासारखा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पोत्यात हात घालून त्यानं कधी चुकीचं गाव सांगितलं नाही. माझ्याकडून त्यानं कधी पाण्याचंही काही घेतलं नाही. हे मी मान्य करतो.

पण त्यानं मला फसवलं, हेही मान्य करणार. आबांची एसटी मी बंद केली, त्याचं उत्तर मला द्यायचं आहे, आणि ते मी कुणी विचारलं तरी नाकारत नाही. शेवटच्या पावसात आबा दारात बसून रस्त्याकडं बघायचे. ते कशाची वाट बघत होते, हे तात्याला ठाऊक होतं. बारामतीला येऊन एक शब्द सांगायला किती वेळ लागला असता? मी भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, पण मेंढी टेम्पोत घालून त्याच दिवशी दारात आणून बांधली असती. मला माझ्या बापाची परीक्षा द्यायला लावली, पण परीक्षा आहे हे कुणी सांगितलं नाही.

यमुनाकाकू अजून आहेत. इंदापुरात नातवाकडं असतात, कान शाबूत आहेत, चरखा सुटला आहे. मागच्या उन्हाळ्यात गेलो होतो. ती घोंगडी त्यांच्या मांडीवर ठेवून त्या तीन उन्हाळ्यांबद्दल विचारलं, तर त्यांनी डोळे मिटून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गंगी." बस, तेवढंच.

मला एवढ्यावर भागवायचं नाही. काकू, त्या दिवशी फडकं फांदीवर होतं आणि कान उघडा होता. तुम्ही चरख्यापाशी होता. मी पाठ फिरवून मोपेडकडं निघालो तेव्हा, "शिवा, ही तुझी गंगी हाय," एवढं तुम्ही का म्हणाला नाहीत? दोघे गेले. आता तुम्हीच उरलात. सांगा.