मनगटापर्यंत मेलेला हात

मी पुंडलीकरावांच्या उजव्या हाताच्या बोटात सुई टोचली, तेव्हा ते खिडकीबाहेर टांग्याच्या घोड्याकडे बघत होते. दुसऱ्या बोटात टोचली. मग तळहातात, जरा जोरानंच. रक्ताचा थेंब वर आला. "टोचली का?" असं त्यांनीच मला विचारलं.

सुई मनगटाच्या वर दोन बोटं नेली, तर गडी खुर्चीतून उठलाच. बायका बांगड्या भरतात तिथं कुणी रेघ ओढावी, तसा प्रकार होता. रेघेच्या वर हात जिवंत, खाली मेलेला.

ही गोष्ट अकोल्याची. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. मी नागपूरला डॉक्टरकीची परीक्षा देऊन एका धर्मादाय इस्पितळात असिस्टंट म्हणून नुकताच लागलो होतो. घर अमरावतीला, भाड्याची खोली अकोल्यात जठारपेठेत. दिवाळी झाली की कापसाचा सीझन सुरू व्हायचा. पहाटे सरकी काढणाऱ्या जिनांचे भोंगे, दिवसभर रस्त्यावर कापसाच्या गाड्या, आणि हवेत इतके तंतू की संध्याकाळी काळा कोट पांढरा व्हायचा. आता निवृत्त होऊन अमरावतीत बसलो आहे, तरी थंडी पडली आणि कुठून सरकीचा वास आला की जीव कासावीस होतो. ते दिवस मला फार आवडायचे. तेव्हा मला सगळं येत होतं ना.

पुंडलीकराव कापसाचे दलाल. वय चाळिशीचं, अंगानं दणकट, डोक्याला फेटा. दलालाचं काम काय, ते सांगतो. शेतकरी गाडी घेऊन बाजारात यायचा आणि दलाल त्याच्या वतीनं व्यापाऱ्याशी भाव ठरवायचा. तोंडानं नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आणि रुमालाखाली बोटं दाबून बोलणी व्हायची. एक बोट धरलं तर इतके, दोन धरली तर तितके. दलालानं मूठ वळली की सौदा पक्का. शेतकरी शेजारीच उभा असायचा, पण रुमालाखाली काय झालं ते त्याला मूठ वळल्यावर कळायचं. सगळा व्यवहार विश्वासावर आणि उजव्या हातावर. डावा हात पुढं केला तर व्यापारी अपमान समजून उठून जायचा.

असा हात ऐन सीझनात बधिर झालेला. तीन आठवडे झाले होते. ज्या अडत्याच्या पेढीवर ते वीस वर्षं कामाला होते त्यानं निरोप पाठवला होता: शनिवारपर्यंत डॉक्टरांचं पक्कं काय ते कळवा, नाहीतर जागेवर दुसरा माणूस बसवतो. तशी जागा एकदा गेली की परत मिळत नसे. घरात बायको आणि तीन मुली.

तपासणीत माझ्या लक्षात एक गोष्ट आली. हाताच्या नसा मानेतून निघतात आणि लांब पट्ट्यांसारख्या खाली येतात. एखादी बिघडली तर करंगळीकडची पट्टी बधिर होते, किंवा अंगठ्याकडची. पण सबंध पंजा हातमोजा चढवल्यासारखा मनगटापर्यंत बधिर करील अशी नस माणसाच्या शरीरात नाहीच. थोडक्यात, हा आजार ज्यानं बनवला त्याला शरीरशास्त्र येत नव्हतं. हात म्हणजे मनगटापर्यंत, एवढंच त्याला माहीत होतं.

हे मी मोठ्या उत्साहानं आमच्या मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते रावसाहेब होते, पुण्याचे होते, आणि असिस्टंटचा उत्साह त्यांना सोसत नसे.

"मग सोंग आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, सोंग करणारा सुई टोचताना घोड्याकडे बघत नाही. आणि भर सीझनात कुठला दलाल सुट्टी काढेल? याला हिस्टेरिया म्हणतात. माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्याच मनातलं काहीतरी त्याच्यापासून लपलेलं असतं आणि ते शरीरातून बोलतं."

"हिस्टेरिया बायकांना होतो. शनिवारपर्यंत वॉर्डात ठेवून बॅटरी लावा. उतरला तर ठीक, नाहीतर केसपेपरवर सोंग लिहून घरी पाठवा."

बॅटरी म्हणजे एक लाकडी पेटी. तिला पितळी मुठी असायच्या. मूठ धरली आणि पेटीचं चाक फिरवलं की हाताला मुंग्या आणणारे झटके बसायचे. बाहेर माणसं ती पेटी बघायला गर्दी करायची. मी रोज दुपारी चाक फिरवायचो आणि फिरवता फिरवता पुंडलीकरावांशी बोलायचो. युरोपातल्या काही डॉक्टरांचं म्हणणं मी नुकतंच वाचलं होतं. माणूस जे विसरला असं म्हणतो ते जात नाही, मागच्या खोलीत जाऊन बसतं आणि तिथून घर चालवतं. मला ती खोली उघडायची भारी घाई झाली होती.

पुंडलीकरावांची स्मरणशक्ती बाजारात प्रसिद्ध होती. कुठल्या दिवशी कुणाच्या किती गाड्या आल्या, कापूस कसा होता, व्यापारी कोण, सगळं तोंडपाठ. मी एकेक दिवस विचारत गेलो आणि ते सांगत गेले. फक्त एक दिवस निघेना. हात मेला त्याच्या आदला दिवस.

"त्या दिवशी काई झालं नाई, सायेब," ते म्हणायचे आणि फेटा सारखा करायचे.

त्यांची बायको सरूबाई दुपारी भाकरी आणि झुणका घेऊन यायची. तिला बाहेर ओट्यावर विचारलं. त्या दिवशी बाळापूरकडून पुंडलीकरावांचा थोरला भाऊ सखाराम कापूस घेऊन आला होता. सौदा पुंडलीकरावांनीच केला. आणि त्याच तासाला, तसल्याच कापसाला, बाजूच्या गाड्यांना बराच जास्त भाव मिळाला होता. "घरी आले तं जेवलेच नाई," ती म्हणाली. "म्हने, हात जड झाला. ज्या भावानं लहानाचा मोठा केला त्याचंच नुसकान झालं, म्हून जिवाले लावून घेतलं."

मला काय आनंद झाला. पण तिचं शेवटचं वाक्य मला पटेना. वीस वर्षं मुरलेला दलाल, सख्ख्या भावाच्या सौद्यात चुकतो कसा? बाप वारल्यावर सखारामनं बारा वर्षांच्या पुंडलीकला अकोल्यात एका दलालाच्या घरी कामाला ठेवलं होतं, हे मला आधीच कळलं होतं. पुंडलीकराव ते फार कौतुकानं सांगायचे. मी दोन आणि दोन चार केले. गुरुवारी चाक थांबवलं आणि एखादा खटला जिंकल्यासारखं त्यांना सांगून टाकलं: तुमचा भावावर राग आहे. लहानपणापासून आहे. म्हणून तुमच्या हातानं मूठ लवकर वळली, आणि आता तोच हात तुम्ही मारून टाकलात.

त्यांनी पितळी मूठ खाली ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "डाक्टरसायेब, सुई टोचा, बॅटरी लावा, हात कापा म्हनसान तं कापा. माया भाऊ मायासाठी देव हाय. त्याचं नाव घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी हात कोपरापर्यंत बधिर झाला होता. माझ्या हुशारीनं रोग वीतभर वर चढवला. रावसाहेबांनी स्वतः सुई टोचून बघितली आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की मला अमरावतीची गाडी पकडून घरी जावंसं वाटलं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. मुलींच्या बापाची रोजी मी माझ्या वाचनाच्या हौसेपायी घालवली होती. निदानाबद्दल त्याही क्षणी मला शंका नव्हती, हे अजून वाईट.

त्याच दुपारी सखाराम आला. मी बोलावला नव्हता, सरूबाईनं निरोप धाडला होता. पन्नाशीचा, उन्हानं काळवंडलेला, कमी बोलणारा शेतकरी. मी पेटीचं चाक फिरवत होतो. त्यानं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "राहू द्या ते." मी थांबलो. तो पुंडलीकरावांच्या खाटेवर बसला आणि तो बधिर हात त्यानं आपल्या मांडीवर घेतला.

"पुंडल्या, तुले अकोल्याले धाडलं तो दिस आठवते?"

"नाई, दादा. मले बैलाच्या दमनीत बसलो तितकंच आठवते."

"दमनीत तू बसला नाई. तू दाराचा खांब धरून बसला होता. सोडतच नव्हता. मंग म्या तुयी बोटं एकएक करून सोडवली. याच हाताची. करंगळी मुरगळली तरी सोडवली." तो ती करंगळी चोळत होता. "घरात दाना नव्हता. पन बोटं कशी सोडवली ते म्या कोनाले सांगतलं नाई, मायलेबी नाई."

पुंडलीकरावांनी आपल्या करंगळीकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा बारा वर्षांच्या पोरासारखा झाला. मी पेटीमागं उभा होतो. बाहेर जावं हेही मला सुचलं नाही.

"दादा," ते म्हणाले, "तुया सौद्यात आनखी भाव होता. व्यापारी वाढवून राहिला होता. मले समजत होतं. तरी म्या मूठ वळली. काहून वळली, देवाशपथ मले ठाऊक नाई."

"मले तवाच समजलं होतं. बाजूच्या गाडीचा भाव आयकला ना म्या."

"मंग बोलला काहून नाई?"

"काय बोलू? मले वाटलं, फिटलं एकदाचं."

पुंडलीकराव रडले. चांगले दणदणीत रडले, वॉर्डातले रोगी उठून बघायला लागले. सखाराम हात धरून बसून राहिला. मी डोळे पुसले आणि पेटी बंद केली.

शनिवारी सकाळी कंपाउंडरनं सवयीनं बोटात सुई टोचली, तर पुंडलीकरावांनी त्याला अशी वऱ्हाडी शिवी हासडली की तो सुई टाकून पळाला. दुपारी त्यांनी त्याच हातानं अडत्याला निरोप लिहिला आणि सोमवारी बाजारात गेले. पुढं अनेक वर्षं त्यांचा हात चालला. भावाचा कापूस मात्र दुसरा दलाल विकायचा आणि हे शेजारी उभे राहायचे.

रावसाहेबांनी केसपेपरवर लिहिलं: बॅटरीनं बरा. त्यानंतर वर्षभर हातपाय बधिर झालेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी ती पेटी लावायला लावली, आणि चाक मी फिरवलं. एकही बरा झाला नाही.

माझं निदान अक्षरशः बरोबर होतं. नोकरीच्या पुढच्या सगळ्या वर्षांत मला इतकं अचूक निदान पुन्हा जमलं नाही. आणि पुंडलीकरावांना त्यातून मिळालं ते एवढंच, की एक रात्र त्यांचा हात कोपरापर्यंत मेला.